मागच्या सीटचा आवाज

“पप्पा, तुम्ही दोघं पुढं बसून एवढं काय बोलता हो?”

विचारलं एकदाचं! गाडी अजून साखर कारखान्याच्या कॉलनीच्या गेटातून बाहेरसुद्धा पडली नव्हती. पप्पांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, आईनं पप्पांकडे बघितलं, आणि दोघंही अशी गप्प झाली की मलाच वाटलं, मी भलतंच काही विचारून बसले की काय.

“काही नाही,” आई म्हणाली. “तू ऐक तुझं.”

“पण जायला दीड तास, यायला दीड तास! तोंडं हलताना दिसतात की मला.”

“तोंड हलायलंय ते फुटाणे खायलोय म्हणून,” असं म्हणून पप्पांनी स्टिरिओच्या पडद्यावर बोट टेकवलं, आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या दारांतल्या स्पीकरांतून क्लासचे हलगे सर बोलायला लागले, “तर मुलांनो, मागच्या वेळी आपण भिंगापाशी थांबलो होतो. समजलं? पुढे!”

प्रश्न माझा नव्हताच. सानिया आणि भाग्यश्रीनं शुक्रवारी मधल्या सुट्टीत घातलेली पैज होती ती. तेव्हा मी दहावीत होते. आता बारावीत आहे आणि दोन वर्षांत बरंच काही विसरलेय, पण तो जानेवारीतला रविवार विसरत नाही. नववीपर्यंत मी हजेरीलासुद्धा ‘हजर’ पुटपुटणारी मुलगी होते. दहावीच्या गॅदरिंगला निवेदन करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी माझ्या हातात माइक दिला, आणि मला असा काही कंठ फुटला की त्या दिवसापासून मी थांबेचना. सगळ्यांना सगळं विचारायचं! त्यामुळे पैजा घालायला मैत्रिणींना मी आयतीच सापडले होते.

“म्हणजे सगळा आवाज मागं, आणि पुढं ते दोघंच?” भाग्यश्रीनं डब्यातली भेंडी बाजूला सारत विचारलं होतं. “अगं बावळट, त्यांचं गुलुगुलू चालत असणार!”

“पप्पांचं? आमच्या पप्पांचं? ते आईशी गॅस सिलिंडरशिवाय दुसऱ्या विषयावर बोलत नाहीत.”

“विचार मग,” सानिया म्हणाली. “उत्तर आणलंस तर तुझ्या जर्नलच्या सगळ्या आकृत्या मी काढणार. अल्लाकसम.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर चोरून ऐक. पण उत्तर पाहिजे!”

आमच्या गाडीची ही तऱ्हा सगळ्या वर्गाला ठाऊक होती, कारण मीच ती रंगवून सांगितली होती. गाडी जुनी, पण पप्पांनी तिला बार्शीहून नवा टचस्क्रीनचा स्टिरिओ बसवून आणला होता. का, तर लातूरच्या क्लासनं पेनड्राइव्हवर सरांची लेक्चरं दिली होती म्हणून. जाता-येता तीन तास फुकट घालवायचे नाहीत. पडद्यावर वरून दिसणाऱ्या गाडीचं चित्र होतं. चार सीटा आणि मधोमध एक लाल ठिपका. ठिपका बोटानं जिकडे ओढाल तिकडे आवाज. पप्पांनी एक अख्खी दुपार मला मागं बसवून ते जुळवलं होतं. “आता येतंय का? आता? आता बघ.” बास पार काढून टाकला, कारण त्यानं सर पिंपात बसून बोलल्यासारखे वाटायचे. ट्रेबल वाढवला. ठिपका पार मागं, डिकीला टेकवला. फिटरकडून ही मांडणी ‘तेजल’ या नावानं सेव्ह करून घेतली, आणि शिवाय सगळे आकडे एका चिठ्ठीवर लिहून ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेत खोचले. बॅटरी काढली आणि सगळं पुसलं तर? पप्पा कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. आकडा कागदावर उतरल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येत नाही.

“कुणी हात लावायचा नाही,” त्यांनी बजावलं होतं. आईला गाणी आवडायची. तिनंसुद्धा कधी हात लावला नाही.

आणि मी? मी झोपायचे.

खरं सांगते. सरांचा आवाज इतका एकसुरी होता की पंधरा-वीस मिनिटांत माझी मान खाली. सोमवार ते शनिवार शाळा, सराव परीक्षा, पहाटे पाचचा गजर. अंगात नुसती झोप साठलेली असायची. वही मांडीवर, पेन बोटांत, चष्मा नाकावर. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी भिंगाच्या सूत्रात बुडालीय. वाटेतलं मुरूड गाव आलं की पप्पा चहाला थांबायचे आणि काचेतून विचारायचे, “कुठपर्यंत आलं?” मी म्हणायचे, “होत आलं.”

हे सगळं चाललं होतं ते पहिल्या चाळिसांसाठी. रविवारच्या बॅचमध्ये दर आठवड्याला टेस्ट व्हायची आणि मार्चअखेर पहिल्या चाळीस जणांना अकरावीच्या खास बॅचमध्ये थेट जागा मिळणार होती. माझा नंबर छत्तिसाच्या आसपास लटकलेला. एक टेस्ट बुडाली की मी पंचेचाळिसावर जाणार, हे पप्पांनी कागदावर मांडून दाखवलं होतं.

त्या रविवारी टेस्ट झाली, क्लास सुटला, दोन वाजता मी बाहेर आले. गाडी लिंबाखाली उभी. पप्पा पुढची सीट मागं पाडून झोपले होते. तोंड उघडं, अंगात अजून कारखान्याचा खाकी स्वेटर. ते शनिवारी रात्री आठला काट्यावर जायचे, पहाटे चारला सुटायचे, अंघोळ करून साडेसहाला मला घेऊन निघायचे. हे मला माहीत होतं. जसं घरात गिरणीचं पीठ येतं हे माहीत असतं, तसं माहीत होतं. आई शेजारी बसून माझ्या जुन्या उत्तरपत्रिकेनं त्यांना वारा घालत होती. जानेवारीत! माश्या बसत होत्या म्हणे. मी मनातल्या मनात भाग्यश्रीला सांगितलं, बाई गं, तू म्हणतेस त्यात काहीतरी तथ्य आहे.

“उठा आता,” आई म्हणाली. “आली.”

पप्पा नळावर तोंड धुवायला गेले. आई डबा धुवायला त्यांच्या मागोमाग गेली. मी पुढं वाकले आणि ठिपक्यावर बोट ठेवलं.

बेत मी टेस्ट लिहितानाच करून ठेवला होता. ठिपका पुढं नेला तर लगेच पकडली जाणार. म्हणून मी तो मागंच ठेवला, पण उजव्या कोपऱ्यात दाबला. डाव्या दाराचा आवाज बंद. मग उजव्या दारातल्या स्पीकरच्या जाळीवर माझी सॅक उभी केली, वर स्वेटर कोंबला, आणि मी आईच्या मागं, डाव्या बाजूला सरकून बसले. सर आता गोधडीतून बोलावं तसे बोलत होते. पुढच्यांना तसंही नेहमी एवढंच ऐकू यायचं. वही उघडली, मान खाली घातली. हेर व्हायला अक्कल लागते!

गावाबाहेर पडलो. ऊन थेट समोरून डोळ्यांत येत होतं. बराच वेळ नुसता फुटाण्यांचा कुडुम कुडुम आवाज. मग आई म्हणाली,

“अहो. हा कितवा?”

“चौथा.”

“बरोबर.”

मला कळेना. थोड्या वेळानं पुन्हा,

“आता?”

“पाचवा. दोन ट्रॉल्या. मागची ओव्हरलोड.”

उसाचे ट्रॅक्टर! आमच्या भागात हंगामात रस्ताभर तेच असतात. हे दोघं दर रविवारी बसून ट्रॅक्टर मोजत होते? मला हसू दाबता येईना. सानियाला काय सांगू, माझे आईवडील उसाची मोजदाद करतात म्हणून?

“अहो, डोळे बारीक व्हायलेत तुमचे.”

“उन्हानं.”

“उन्हानं नाही. घ्या, लवंग घ्या. चावा, चघळू नका.”

समोरून एक ट्रॅक्टर गेला. ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन मोठाले स्पीकर, अख्खं शिवार दणाणत होतं.

“बघा त्याला,” आई म्हणाली. “तोसुद्धा गाणी लावून जागा राहतो. आपण का नाही लावायचं? थोडंसंच. पुढच्या पुढं.”

“तिचा आवाज कमी होतो.”

“एवढ्याशानं?”

“अगं, पाटाला दोन दारं काढली की धार निम्मी होते का नाही? तसंच हे. फिटरनं चित्रच दाखवलंय. ठिपका पुढं आला की मागचं पाणी पुढं येणार. तिला पूर्ण धार जाऊ दे. नऊ रविवार राहिलेत.”

“नऊ,” आई म्हणाली. “कितवा झाला आता?”

“सातवा.”

“आठवा. चुकलात तुम्ही. आता थांबायचं. ठरलंय ना, आकडा चुकला की थांबायचं?”

“मुरूडला थांबतो. हे काय, पोचलोच.”

“मागं पण मुरूडच म्हणाला होतात.”

माझं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. मी मान वर न करता डोळे वर केले. दोन सीटांच्या फटीतून आईचा उजवा हात दिसत होता. तो स्टिअरिंगच्या खालच्या कडेवर होता. धरलेला नाही, नुसता टेकलेला, आपण झोपलेल्या लेकराच्या अंगावर ठेवतो तसा. हा हात मी आधीही पाहिला होता. झोपेतून अर्धवट उठताना पाहिला होता, आणि मैत्रिणींना तिखटमीठ लावून सांगितलाही होता.

“अहो, हा कितवा?”

उत्तर नाही.

“अहो.”

पप्पांची हनुवटी हळूच छातीवर आली. अगदी माझी यायची तशीच.

“अहो!”

डावी चाकं खडीवर उतरली. समोर उसाची ट्रॉली होती, एवढी जवळ की वाढ्यांचे हिरवे शेंडे काचेवर आल्यासारखे वाटले. आईनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं, पप्पांचा पाय ब्रेकवर पडला, माझी सॅक जाळीवरून घसरून खाली आपटली, आणि हलगे सर मोठ्यानं म्हणाले, “समजलं? पुढे!”

गाडी थांबली. ट्रॉली डुलत डुलत पुढं निघून गेली. तिला काही पत्ताच नव्हता.

“लागलं का?” पप्पांनी विचारलं.

“नाही,” आई म्हणाली. मग हळूच, “उठली का बघते.”

ती वळली. मी तिच्याकडेच बघत होते.

पप्पांनी सर बंद केले.

“पप्पा, गाडी बाजूला घ्या,” मी म्हणाले. “बाभळीखाली.”

“काही नाही झालं बाळा. म्हैस आडवी—”

“म्हैस नव्हती. ऐकलंय मी सगळं. लवंग पण, आणि पाट पण.”

त्यांनी गाडी बाजूला घेतली. मी खाली उतरले, पुढचं दार उघडलं आणि ठिपका ओढून मधोमध आणला. सर पुन्हा चालू केले.

“मागं बसा तुम्ही.”

“कशाला?”

“बसा तर.”

ते बसले. माझ्या जागेवर, गुडघे पोटाशी घेऊन. सर आता चारी दारांतून बोलत होते.

“कमी झाला?” मी विचारलं.

पप्पांनी डाव्या जाळीला कान लावला, मग उजव्या. काट्याचा आकडा दोनदा तपासावा तसं.

“नाही,” ते म्हणाले. “तेवढाच आहे की.”

“तो पाटासारखा नसतो, पप्पा. पुढं दिला म्हणून मागचा आटत नाही. तुम्ही अख्खा हंगाम इथं गाणी लावू शकला असता.”

पप्पा जाळीकडे बघत राहिले. मला तिथंच थांबता आलं असतं. हुशार लेक, चुकलेले वडील. पण त्यांचे लालभडक डोळे त्या जाळीवर खिळलेले होते, आणि मला ते सहन होईना.

“आणि मी ऐकत नव्हते,” मी म्हणाले.

“काय?”

“लेक्चर. मी झोपते, पप्पा. पहिल्या रविवारपासून. तुम्ही विचारता तेव्हा ‘होत आलं’ म्हणते, पण मला काहीच माहीत नसतं. माझा नंबर येतो तो घरच्या अभ्यासानं.”

ते रागावतील म्हणून मी दाराची कड घट्ट धरून उभी होते. ते रागावले नाहीत. त्यांनी आईकडे बघितलं. आई पदराच्या टोकानं डॅशबोर्डवरची धूळ पुसत होती.

“तुला माहीत होतं,” पप्पा म्हणाले.

“वळून बघते की मी. घोरते ती.”

“मग मला का नाही बोललीस?”

“बोलले असते तर,” आई म्हणाली, “तुम्ही कशाच्या जोरावर जागे राहिला असता?”

पप्पा मागच्या सीटवर आडवे झाले. कुणी सांगितलं नाही, ठरवलं नाही. नुसते कलंडले आणि झोपले. पाय दाराबाहेर. मी स्टिरिओ बंद केला.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, आई तिच्या जागी. ट्रॅक्टर जात होते, आम्ही मोजले नाहीत. मोजायची गरजही नव्हती.

“नोव्हेंबरात म्हैस आडवी आली म्हणून गाडीचा आरसा फुटला होता ना,” थोड्या वेळानं आई म्हणाली, “ती म्हैस नव्हती. बोरीच्या झुडपात गेली होती गाडी.”

“मी कुठं होते?”

“होतीस की. मागंच. या कुशीवरून त्या कुशीवर झालीस.”

“मग रजा का नाही काढली पप्पांनी?”

“रविवारच मागून घेतलाय त्यांनी. काट्यावर तीन माणसं. रविवार मोकळा पाहिजे तर शनिवारची रात्रपाळी हंगामभर तुमची, म्हणाले साहेब. हे हो म्हणून आले.”

“आणि तू? तू कधी झोपतेस?”

आईनं जरा विचार केला. खरंच आठवत होती ती. “सोमवारी,” म्हणाली.

पप्पा उठले तेव्हा ऊन मवाळ झालं होतं. त्यांच्या गालावर सीटच्या शिवणीचा लांबच लांब वळ उठला होता. किती वाजले विचारलं, पाणी प्यायले, आणि उठल्या उठल्या कामाला लागावं तसं बोलायला लागले, “हे बघ, पुढच्या रविवारी आपण असं करू. मी साडेसातला निघतो. तासभर झोप जास्ती मिळेल. पहिला तास बुडला तरी चालेल, टेस्ट काही बुडवायची नाही. आणि गाणी लावू. तुझ्या आईला पाहिजे ती. तू कानात बोळे घाल.”

“हो, तसं करता येईल,” आई म्हणाली. दोघं पुन्हा ठरवायला लागली होती. दोघांची तोंडं थकून अर्धी झाली होती, आणि तरी ती माझ्या सोयीचं ठरवत होती. मला पैज आठवली, सानियाच्या आकृत्या आठवल्या. सोमवारी तिला काय सांगायचं, ते मला सुचेना. आजवर मी तिला यातलं काहीच सांगितलेलं नाही.

“पप्पा,” मी म्हणाले, “थांबा जरा. मी बोलते.”

“बोल.”

“फाट्यावर पावणेसातला लातूरची एसटी थांबते. क्लासमधल्या दोन मुली पुढच्या स्टॉपवरून तीच धरतात. परतीला तीनची आहे.”

“एकटी?” आई म्हणाली.

“अजिबात नाही,” पप्पा म्हणाले. “हंगाम संपला की मग बघू. अजून लहान आहेस तू. गर्दी असते, उभं राहावं लागतं, कुणाची ओळख ना पाळख—”

एवढे दिवस मी गॅदरिंगला बोलत होते, वर्गात बोलत होते, पैजेवर बोलत होते. त्या सगळ्याहून हे हळू आवाजात निघालं.

“उभी राहीन. उभं राहिलं की झोप तरी लागणार नाही. पुढच्या रविवारपासून मी एसटीनं जाणार आणि तुम्ही दोघं घरी झोपणार. मी विचारत नाहीये, पप्पा. सांगतेय.”